युरेनियमवर शेणखताचा उतारा चालत नाही

भूजलात युरेनियम सापडल्याची बातमी आली की तिच्या पाठोपाठ एक सल्ला येतो. जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढवा. शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचं खत, बायोचार, जे हाताशी असेल ते घाला. ह्युमस जड धातूंना धरून ठेवतो, तसा युरेनियमलाही धरून ठेवेल आणि बोअरचं पाणी हळूहळू निवळेल. शेतीच्या मेळाव्यात हे ऐकायला मिळतं, पर्यावरणाच्या चर्चासत्रात ऐकायला मिळतं, आणि निधी मागणाऱ्या प्रस्तावांत तर ते सिद्ध झालेल्या नियमाच्या थाटात छापलेलं असतं. सल्ला देणारी माणसं बहुतेक वेळा सद्हेतूची असतात आणि त्यांच्या पदरी चार खरे दाखलेही असतात. म्हणूनच या सल्ल्याचा समाचार घ्यायला हवा. निव्वळ थाप असती तर तिच्यावर शाई खर्च केली नसती.

माझा आक्षेप असा. सेंद्रिय द्रव्य युरेनियमला बांधतं हे खरं, पण तेच द्रव्य युरेनियमला मोकळंही करतं. यातलं काय घडणार हे पाण्याचा सामू, त्यातलं बायकार्बोनेट, कॅल्शियम, नायट्रेट आणि ऑक्सिजन ठरवतात. भारतात हा प्रश्न जिथे खरोखर बिकट आहे, म्हणजे पंजाबचा माळवा, हरियाणा, राजस्थान, तिथलं पाणी नेमकं मोकळं करणाऱ्या बाजूचं आहे. तिथल्या शेतकऱ्याला शेणखत हा युरेनियमवरचा उपाय म्हणून सांगणं बेजबाबदारपणाचं आहे.

आधी समोरच्यांच्या बाजूचं जे भक्कम आहे ते मान्य करून टाकू. हंगेरीतल्या डेब्रेत्सेनचे पदार्थवैज्ञानिक शांडोर सॉलॉई यांनी १९५०च्या दशकात पीटवर, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींच्या थरावर, काम सुरू केलं. पाण्यात नगण्य प्रमाणात असलेलं युरेनियम पीट स्वतःत ओढून घेतं आणि त्याचं प्रमाण पाण्यातल्यापेक्षा सुमारे १० हजार पट होऊ शकतं, असं त्यांनी दाखवलं. त्यांचा १९६४ सालचा निबंध आजही या विषयात आदराने उद्धृत होतो. अमेरिकेतल्या कोलोराडो पठारावर वालुकाश्मात गाडल्या गेलेल्या झाडांच्या ओंडक्यांत युरेनियम इतकं साचलं होतं की एकेक ओंडका खनिज म्हणून काढला गेला. न्यू मेक्सिकोच्या ग्रँट्स पट्ट्यातलं मुख्य खनिज ह्युमिक द्रव्याच्या काळ्या थरांशीच जोडलेलं आहे. नॉर्थ डकोटात १९६०च्या दशकात युरेनियमयुक्त लिग्नाइट जाळून त्याच्या राखेतून युरेनियम काढत असत.

मला या सगळ्यांत वॉशिंग्टन राज्यातली फ्लोडेल क्रीकची दलदल जास्त बोलकी वाटते. तिथलं युरेनियम हिमयुग ओसरल्यानंतरच्या काळात, भूशास्त्राच्या हिशेबाने काल-परवा, आसपासच्या ग्रॅनाइटमधून झिरपून पीटमध्ये साचलं. ते इतकं ताजं आहे की युरेनियमच्या क्षयातून निपजणारी रेडियमसारखी मूलद्रव्यं तिथे अजून पुरेशी तयारच झालेली नाहीत. गायगर काउंटर घेऊन फिरणाऱ्याला तिथे फारसं काही जाणवणार नाही. माती प्रयोगशाळेत नेली तरच तिच्यातला माल कळतो. १९८३ साली या पीटमधून युरेनियम काढण्यातही आलं. आणि गाबोनमधलं ओक्लो तर या मंडळींचं हुकमी पान आहे. १९७२ साली फ्रेंच शास्त्रज्ञांना तिथल्या खनिजात युरेनियम-२३५ किंचित कमी आढळलं आणि त्यावरून सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी तिथे नैसर्गिक अणुभट्ट्या चालू होत्या हे उघड झालं. त्यातल्या काही भट्ट्यांचं युरेनियम घट्ट झालेल्या डांबरासारख्या सेंद्रिय द्रव्यात बंदिस्त होऊन जागच्या जागी राहिलं.

यात वाद घालण्यासारखं काही नाही. फक्त हे सगळे दाखले एकाच जातीचे आहेत, हे लक्षात घ्यायला हवं. थर कायम पाण्याखाली किंवा खोल गाडलेला, ऑक्सिजन जवळजवळ नाही, कोणी नांगरत नाही, कोणी उपसत नाही, आणि वेळ हजारो ते कोट्यवधी वर्षांचा. ओक्लोच्या डांबराचा दाखला देऊन उकिरड्यातल्या खताचं समर्थन करता येत नाही. एक ऑक्सिजनविरहित कातळात पडून राहिलं, दुसरं दोन पावसाळ्यांत निम्मंअधिक हवेत जातं.

आता रसायन पाहू. पर्यावरणात युरेनियमची दोन रूपं महत्त्वाची. हवेशी संबंध असलेल्या पाण्यात ते सहा संयुजेचं असतं, युरेनिल आयनाच्या रूपात, आणि हे रूप सहज विरघळतं. ऑक्सिजन संपला, क्षपण झालं, की ते चार संयुजेचं होतं आणि हे रूप फार कमी विरघळतं. ह्युमिक आणि फुल्विक आम्लांच्या रेणूंवर कार्बॉक्सिल गट असतात आणि ते युरेनिलला पकडतात. पाणी आम्लधर्मी असेल, सामू चार-पाच-सहा असेल, तर ही पकड जबरदस्त असते. पुस्तकात इथवरचा भाग ठळक असतो आणि सल्ला देणारे इथेच पुस्तक मिटतात.

सामू सातच्या वर गेला आणि पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असलं की डाव पालटतो. कार्बोनेट युरेनिलला ह्युमसच्या हातातून काढून घेतं. त्यात कॅल्शियम असेल तर कॅल्शियम, युरेनिल आणि कार्बोनेट यांचं असं संयुग बनतं की त्यावर निव्वळ विद्युतभार उरत नाही. भार नाही म्हणून ते चिकणमातीच्या कणांना चिकटत नाही, लोहाच्या गंजाला चिकटत नाही, ह्युमसलाही धड चिकटत नाही. ते पाण्याबरोबर सरळ पुढे जातं. जिवाणूंनाही ते पचत नाही. कॅल्शियम असताना युरेनियमचं जैविक क्षपण मंदावतं, हे प्रयोगांत स्पष्ट दिसलेलं आहे. मातीतलं सैल युरेनियम मोजायचं असेल तर प्रयोगशाळेत ती माती बायकार्बोनेटच्या द्रावणाने धुतात, ही रूढ पद्धत आहे. आंध्र प्रदेशात कडप्पा जिल्ह्यातल्या तुम्मलपल्लेच्या कारखान्यात खनिजातून युरेनियम काढण्यासाठी सोडियम कार्बोनेट-बायकार्बोनेटचंच द्रावण वापरतात, कारण तिथला खडक चुन्याचा आहे आणि जादुगुड्यासारखं गंधकाम्ल तिथे वापरलं तर सगळं आम्ल खडकच खाऊन टाकेल. जे रसायन कारखान्यात युरेनियम विरघळवण्यासाठी विकत आणलं जातं, ते माळव्याच्या बोअरमध्ये लिटरमागे शेकडो मिलिग्रॅम फुकट आहे.

आणि हे बायकार्बोनेट येतं कुठून? खडकातल्या चुन्यातून येतं, पण चुना विरघळवतो कोण, तर मातीतला कार्बन डायऑक्साइड. तो सेंद्रिय द्रव्य कुजल्याने आणि मुळांच्या श्वसनाने तयार होतो. मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत त्याचं प्रमाण बाहेरच्या हवेच्या दहापट, कधी शंभरपटही असतं. तो पाण्यात विरघळतो, वाटेतली चुनखडी, कंकर खातो, आणि बायकार्बोनेट व कॅल्शियम दोन्ही घेऊन खाली उतरतो. म्हणजे युरेनियम मोकळं करायला जे जे लागतं ते सगळं एकदम.

शेणखताच्या पुरस्कर्त्यांनी या मुद्द्याला उत्तर दिलेलं मी अजून वाचलेलं नाही. खत पडतं वरच्या वीतभर मातीत. बोअर पाणी ओढते पन्नास, साठ, शंभर मीटरवरून. युरेनियमला धरून ठेवणारा घट्ट ह्युमस त्या वीतभर थरातच राहतो. खाली जातं ते बायकार्बोनेट, नायट्रेट आणि थोडंसं विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य. बांधणारं वर राहतं आणि सोडवणारं खाली जातं. वरच्या मातीचा अहवाल कितीही सुधारला तरी बोअरच्या पाण्याशी त्या सुधारणेचा संबंध उलटाही असू शकतो.

हे कागदावरचं तर्कट नाही. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत, विशेषतः सॅन वाकीन खोऱ्याच्या पूर्व भागात, हे घडलेलं आहे. तिथली माती सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमधून वाहून आलेली, त्यामुळे युरेनियम मुळातच होतं आणि गाळाच्या कणांना चिकटून बसलेलं होतं. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणातल्या ब्रायंट जर्गेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१० साली त्याचा सविस्तर हिशेब मांडला. बारमाही सिंचन आलं, पिकांच्या मुळांचं श्वसन वाढलं, उथळ भूजलात बायकार्बोनेट वाढलं, त्याने कणांवरचं युरेनियम सोडवलं. आणि पाणीपुरवठ्याच्या खोल विहिरींनी जसजसा उपसा केला तसतसं हे उथळ पाणी खाली ओढलं गेलं. तिथे ना खाण होती ना कारखाना. पाणी आणि हिरवंगार पीक पुरेसं झालं. माळव्याच्या शेतकऱ्याला हे वर्णन ओळखीचं वाटेल: हिमालयातून आलेला गाळ, चुनखडीची जमीन, भात-गव्हाचं सिंचन, आणि वर्षागणिक खोल जाणाऱ्या बोअर. ड्यूक विद्यापीठाच्या रेचल कॉइट, अव्हनर व्हेंगोश आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली राजस्थान आणि गुजरातच्या विहिरी तपासल्या, त्यांनाही युरेनियमचा संबंध बायकार्बोनेटशी आणि ऑक्सिजनयुक्त पाण्याशी दिसला. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२०च्या अहवालात पंजाबच्या उथळ भूजलाच्या सुमारे चौथ्या हिश्श्यातल्या नमुन्यांत युरेनियम लिटरला ३० मायक्रोग्रॅमच्या वर होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा हीच, ३० मायक्रोग्रॅम; अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्साराच्या अंगाने ६० मायक्रोग्रॅमची ठेवली होती. किरणोत्साराची धास्ती लोकांना जास्त वाटते, पण पिण्याच्या पाण्यातल्या युरेनियमचा पहिला बळी मूत्रपिंड असतं आणि तिथे त्याचं रासायनिक विषारीपण जास्त मोजलं जातं.

आता नायट्रेट. युरियाला शिव्या देताना शेणखताला सूट देण्याची आपल्याकडे रीत आहे. जमिनीतल्या जिवाणूंना नत्र कुठून आलं याच्याशी देणंघेणं नसतं. शेण, मूत, कोंबडीखत, सगळ्यातल्या जास्तीच्या नत्राचं शेवटी नायट्रेट होतं आणि ते पाण्याबरोबर निचरतं. नायट्रेट क्षपित युरेनियमला पुन्हा सहा संयुजेच्या रूपात आणू शकतं. नेब्रास्का विद्यापीठाच्या जेसन नोलन आणि कॅरी वेबर यांनी २०१५ साली हाय प्लेन्स आणि सेंट्रल व्हॅली या दोन प्रचंड जलधरांत युरेनियम आणि नायट्रेट जोडीने वाढलेले दाखवले. जोडीने वाढलं म्हणजे एकाने दुसऱ्याला वाढवलं असं नाही, हा आक्षेप रास्त आहे. जिथे नायट्रेट झिरपतं तिथे सिंचनाचं बायकार्बोनेटही झिरपतं, आणि दोघांचा वाटा वेगळा काढणं सोपं नाही. पण दोन्ही संशयितांपैकी एकाचाही पुरवठा शेणखताने कमी होत नाही.

यावर जाणकार पुरस्कर्ता म्हणेल, तुम्ही फक्त चिकटण्याचं बोलता, क्षपणाचं काय? सेंद्रिय द्रव्य जिवाणूंचं अन्न आहे. ते खाऊन जिवाणू ऑक्सिजन संपवतील, मग नायट्रेट संपवतील, मग युरेनियमला चार संयुजेचं करून दगड बनवतील. हा आक्षेप वजनदार आहे. डेरेक लव्हली आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं की काही जिवाणू युरेनियमचं क्षपण करून त्यावर वाढूही शकतात. त्यानंतरची दोन दशकं या शोधावर मोठ्या आशा होत्या, आणि आशा तपासण्याची हिंमतही त्याच लोकांनी दाखवली, हे त्यांचं श्रेय.

कोलोराडोतल्या रायफल गावाजवळ नदीकाठी युरेनियमची जुनी गिरणी होती. गिरणी गेली, टाकाऊ मालाचे ढीग उचलले गेले, पण नदीकाठच्या गाळातलं भूजल दूषित राहिलं. २००२च्या उन्हाळ्यात तिथे नळ्यांतून जमिनीत अ‍ॅसिटेट सोडलं गेलं. अ‍ॅसिटेट म्हणजे व्हिनेगरच्या आम्लाचं लवण, जिवाणूंना आवडणारं साधं सेंद्रिय अन्न. नवव्या दिवशीच काही नळ्यांत युरेनियम उतरायला लागलं. ५० दिवसांत काही निरीक्षण नळ्यांत ते ठरवलेल्या पातळीच्या खाली गेलं. जिओबॅक्टर जातीचे जिवाणू फोफावले होते. आणि मग? अन्न चालू असतानाच जिवाणूंची वस्ती बदलली. जिओबॅक्टर ओसरले, सल्फेट खाणारे वरचढ झाले, आणि युरेनियम पुन्हा चढायला लागलं. तज्ज्ञ उभे, नळ्या लावलेल्या, आत किती अन्न सोडलं याचा मिलिग्रॅमपर्यंत हिशेब, तरी हा निकाल. आपल्याकडे ट्रॉलीने शेणखत टाकून कुठल्या खोलीवर कुठला जिवाणू वाढेल, हे कोण सांगणार?

याहून अडचणीचा निकाल लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतून आला. जियामिन वान आणि सहकाऱ्यांनी टेनेसीतल्या ओक रिजची खरीखुरी दूषित माती नळकांड्यात भरली आणि तिच्यातून सेंद्रिय अन्न असलेलं पाणी सोडत राहिले. पहिले तीनेक महिने सगळं पुस्तकाप्रमाणे चाललं. युरेनियमचं क्षपण झालं, बाहेर पडणाऱ्या पाण्यातलं प्रमाण घटलं. पुढे ते पुन्हा वाढलं. ऑक्सिजन आत शिरलेला नव्हता, जिवाणू मेलेले नव्हते, अन्नही थांबलेलं नव्हतं. उलट अन्न चालू होतं हीच अडचण ठरली. जिवाणू श्वसन करत होते, कार्बोनेट साचत होतं, आणि त्या कार्बोनेटने युरेनियमला पुन्हा विद्राव्य रूपात खेचलं. २००५ साली हे प्रसिद्ध झालं. ज्यांना सेंद्रिय कर्बाचा एकच परिणाम ठाऊक आहे त्यांनी हा निबंध एकदा तरी वाचावा. सेंद्रिय द्रव्याचा स्वभाव कुंपणावरच्या गावपुढाऱ्यासारखा आहे. ज्याचं पारडं जड, त्याच्या बाजूने.

ह्युमिक आम्लांबद्दल तर ओक रिजच्याच बाओहुआ गू यांच्या गटाने २००५ साली दाखवलं की ती युरेनियमचं क्षपण वेगाने घडवून आणतात आणि नंतर तेच क्षपित युरेनियम ऑक्सिजन मिळताच चटकन उलट फिरवायलाही मदत करतात. इलेक्ट्रॉनची ने-आण करणारा रेणू एकाच दिशेने ने-आण करेल, असं मानायचं कारणच काय?

क्षपण झालं म्हणजे युरेनियम दगड झालं, हीसुद्धा पूर्वीची समजूत. फ्रान्सच्या लिमुझँ भागात जुन्या युरेनियम खाणीच्या खाली एक पाणथळ जागा आहे. खाणीतून येणारा गाळ तिथे वर्षानुवर्षं साचला. मातीत युरेनियमचं प्रमाण काही ठिकाणी १४ हजार पीपीएमपर्यंत गेलं. वरवर पाहता पाणथळ जागेने आपलं काम चोख केलं. पण तिच्यातून जाणाऱ्या ओढ्यात युरेनियम बाहेर पडताना दिसत होतं. रिझलान बेर्निए-लात्मानी यांच्या गटाने खोलीनुसार मातीतलं पाणी काढून तपासलं. मातीतलं युरेनियम चार संयुजेचं होतं, म्हणजे कागदोपत्री अचल. पण ते स्फटिक नव्हतं, नुसतं सैलपणे बांधलेलं होतं. आणि मातीच्या पाण्यात तेच चार संयुजेचं युरेनियम लोह आणि सेंद्रिय द्रव्याच्या कलिल कणांवर बसून तरंगत होतं. २०१३ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये हे आलं आणि अचल समजलेलं युरेनियम प्रवासात असल्याचं पहिल्यांदा नोंदलं गेलं. त्या प्रवासात वाहनाचं काम अर्धं सेंद्रिय द्रव्याने केलं होतं.

इथे मोजमापातली एक खोच सांगायला हवी. पाण्यातलं ‘विरघळलेलं’ काय आणि ‘तरंगणारं’ काय हे आपण बहुधा ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीने ठरवतो. गाळणीतून खाली पडलं ते विरघळलेलं. हे कलिल कण त्या गाळणीतून आरामात खाली उतरतात. मग अहवालात विद्राव्य युरेनियम वाढलेलं दिसतं आणि त्याचं खापर ऑक्सिडीकरणावर फुटतं. दलदलीत युरेनियम अडवण्याच्या प्रकल्पात गाळणी बदलून बघितलेली नसेल तर त्या प्रकल्पाच्या यशावर माझा विश्वास बसणार नाही.

बायोचारवाल्यांना एवढंच सांगतो. बायोचारने युरेनियम शोषल्याचे कितीतरी निबंध आहेत. त्यातल्या पुष्कळ प्रयोगांचा सामू चार ते सहा असतो आणि पाणी जवळजवळ शुद्ध, त्यात मोजून टाकलेलं युरेनियम. बाटलीत शोषण उत्तम होतं. त्याच बाटलीत माळव्याच्या बोअरचं पाणी ओता, सामू साडेसात-आठ, बायकार्बोनेट आणि कॅल्शियम भरपूर, आणि मग आकडा सांगा. तो आकडाही चांगला आला तर बायोचारची गाळणी नळाला लावा. शेतात मिसळून काय साधणार?

मग शेणखत घालूच नये का? दुसऱ्या टोकाची ही मंडळीही भेटतात; सेंद्रिय द्रव्य युरेनियम सोडवतं एवढं ऐकलं की शेणखतावर बंदी मागायला निघतात. त्यांनाही माझा पाठिंबा नाही. आपल्या कितीतरी जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. पाणी धरून ठेवायला, मातीची बांधणी सुधारायला, जमीन जिवंत ठेवायला खत लागतंच. ते त्या कारणांसाठी घाला. मात्र युरेनियमचं श्रेय त्याला देऊ नका, आणि ‘सेंद्रिय’ शिक्का बघून युरेनियम नसेल असंही समजू नका. सेंद्रिय शेतीत चालणारी रॉक फॉस्फेटची पूड ही डीएपीच्याच मूळ खडकाची. त्या खडकांत युरेनियमचं प्रमाण अनेकदा दशलक्षात पन्नास ते दोनशे भाग असतं, आणि पोत्यावरचा शिक्का बदलल्याने ते बदलत नाही.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावं? दख्खनच्या काळ्या पाषाणात युरेनियम फार थोडं आहे, त्यामुळे पठाराच्या बऱ्याच भागाला आजवर ही चिंता करावी लागलेली नाही. पण आपल्या काळ्या जमिनीतही चुनखडी आहे आणि सामू आठच्या आसपास असतो. म्हणजे सोडवणारी रसायनं आपल्याकडेही हजर आहेत. सोडवायला माल कमी आहे, एवढंच. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे, जुने ग्रॅनाइट आणि नाइस खडक वर येतात, तिथे हा दिलासा गृहीत धरू नये. त्या भागात बोअरचं पाणी युरेनियमसाठी तपासणं हे बेसाल्टच्या भागापेक्षा अगत्याचं आहे.

ज्यांच्या घरी आज ३० मायक्रोग्रॅमच्या वरचं पाणी येतं त्यांना वीस वर्षांनी सुधारणाऱ्या जमिनीची गोष्ट सांगून उपयोग नाही. आरओ युरेनियम बऱ्यापैकी काढतं. ऋणभारित आयन पकडणारं रेझिन तर कार्बोनेटला बांधलेलं युरेनियम नेमकं पकडतं, कारण त्यातल्या बऱ्याच संयुगांवर ऋणभार असतो. (आरओचं बाहेर फेकलेलं पाणी कुठे जातं, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. त्यात तेच युरेनियम अधिक घट्ट होऊन गावच्या गटारात जातं.) कालव्याचं पाणी मिळत असेल तर तेच पिण्यासाठी घ्यावं. जुन्या खाणींच्या खालच्या पाणथळ जागा तर मुळीच कोरड्या पडू देऊ नयेत, कारण पीट वाळलं, हवा शिरली, की शंभर वर्षांचं साठवलेलं युरेनियम एका पावसाळ्यात वाट धरू शकतं. ही सगळी कामं खर्चिक आणि कंटाळवाणी आहेत, आणि फोटोत ती हिरवी दिसत नाहीत. त्यांना निधी कमी मिळतो तो बहुधा म्हणूनच.

जिल्हा परिषदेत, कृषी विभागात, उद्योगांच्या सामाजिक निधीच्या समित्यांवर जे बसलेले आहेत त्यांना एक विनंती. सेंद्रिय कर्ब वाढवून भूजलातलं युरेनियम कमी करण्याचा प्रस्ताव समोर आला तर त्याच्याबरोबर त्या गावातल्या बोअरच्या पाण्याचा सामू, बायकार्बोनेट, कॅल्शियम, नायट्रेट आणि विरघळलेला ऑक्सिजन यांचे उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यातले आकडे मागा. आकडे जोडलेले नसतील तर प्रस्ताव परत पाठवा, आणि तेवढ्या पैशात त्या गावच्या प्रत्येक पिण्याच्या बोअरची तपासणी करून घ्या.